घटनास्थळावरचा कारभार : आपत्तीत आदेश कोठून निघावा?

१८ जुलै २०२२ रोजी सकाळी इंदूरहून अमळनेरकडे निघालेली राज्य परिवहन महामंडळाची बस मध्य प्रदेशातील खलघाट येथे संजय सेतूचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली. बस अमळनेर आगाराची होती. नदी मध्य प्रदेशात, पूल धार आणि खरगोन या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, प्रवाशांचे आप्त खानदेशात आणि अन्यत्र, तर बसची मालकी महाराष्ट्राच्या महामंडळाची. पावसाळी पाण्याने नदी फुगलेली होती. बारा मृतदेह हाती लागले. त्यांत चालक आणि वाहकही होते. पहिल्या काही तासांत बसमध्ये नेमके किती प्रवासी होते याविषयी निरनिराळे आकडे फिरत राहिले. काहीजण वाचल्याचेही सांगितले गेले. ज्यांचे माणूस त्या बसने येणार होते त्यांच्यासाठी प्रत्येक आकडा म्हणजे आशा किंवा निराशा होती.

अशा वेळी शौर्याची उणीव सहसा भासत नाही. स्थानिक नाविक, मच्छीमार, गावकरी, पोलीस सर्वांत आधी धावतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. उणीव भासते ती एका साध्या गोष्टीची. घटनास्थळी आलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असावे लागते की येथील निर्णय कोण घेतो, तो कोठे बसला आहे आणि ताजी माहिती कोठे मिळेल. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ज्या एका जागेत असते, तिला आपत्ती व्यवस्थापनाच्या परिभाषेत 'इन्सिडेंट कमांड पोस्ट' म्हणतात. मराठीत तिला घटनास्थळ नियंत्रण केंद्र म्हणता येईल. ही जागा म्हणजे तंबू असू शकतो, शाळेची खोली असू शकते, एखादी सुसज्ज गाडी असू शकते, किंवा सुरुवातीच्या अर्ध्या तासात पोलिसांच्या जीपचे बॉनेटही असू शकते. महत्त्व वास्तूला नाही, तेथून चालणाऱ्या कारभाराला आहे.

नियंत्रण कक्ष निराळा, घटनास्थळ केंद्र निराळे

जिल्हाधिकारी कार्यालयातील नियंत्रण कक्ष वाचकांच्या परिचयाचा असतो. पावसाळ्यात त्याचे दूरध्वनी क्रमांक वृत्तपत्रांत छापून येतात. मंत्रालयातही असा कक्ष आहे. या कक्षाचे काम दुरून पाहण्याचे आणि पुरवठा करण्याचे असते. कोणत्या तालुक्यात किती पाऊस झाला, धरणातून किती पाणी सोडले, शेजारच्या जिल्ह्यातून बोटी मागवायच्या का, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला बोलवायचे का, हे तेथे ठरते. हा कक्ष कायमचा असतो आणि एकाच वेळी अनेक घटनांवर लक्ष ठेवतो.

घटनास्थळ केंद्र एकाच घटनेसाठी उभे राहते आणि ती घटना संपली की उठते. पाणबुड्यांनी पुलाच्या कोणत्या बाजूला उतरावे, क्रेन कोठे लावावी, रुग्णवाहिकांसाठी रस्त्याची कोणती कड मोकळी ठेवावी, हे निर्णय दुरून घेता येत नाहीत. नियंत्रण कक्षाने घटनास्थळाची मागणी पुरवावी आणि घटनास्थळ केंद्राने नियंत्रण कक्षाला खरी स्थिती कळवावी, अशी ही विभागणी आहे. ती मोडली की दोन प्रकारचे घोटाळे होतात. एक तर कक्षातून थेट जवानांना सूचना जाऊ लागतात आणि जागेवरच्या अधिकाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. दुसरे म्हणजे घटनास्थळीच सर्व वरिष्ठ गोळा होतात आणि मागे कक्षात निर्णय घेणारा कोणी उरत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने हाच विषय ऐरणीवर आणला होता. त्या रात्री पोलीस आयुक्त ट्रायडेंट हॉटेलच्या परिसरात होते आणि नियंत्रण कक्षाची धुरा सहआयुक्तांकडे होती. एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला सुरू असताना सर्वोच्च अधिकाऱ्याचे नेतृत्व दलाला दिसले पाहिजे होते, असा समितीच्या टीकेचा आशय होता. व्यक्तींविषयीचा वाद बाजूला ठेवला तरी त्यातून निघणारा प्रश्न प्रत्येक आपत्तीला लागू पडतो: सेनापतीने कोठे उभे राहावे, आणि तो तेथे आहे हे सर्वांना माहीत आहे का?

उगम कॅलिफोर्नियाच्या वणव्यांत

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. १९७० साली तेथे लागलेल्या वणव्यांनी १३ दिवसांत १६ जणांचा बळी घेतला, सातशेहून अधिक घरे व इमारती भस्मसात केल्या आणि पाच लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले. अग्निशामक दले पुष्कळ होती, पण प्रत्येकाची परिभाषा वेगळी, बिनतारी संदेशांची वारंवारिता वेगळी आणि वरिष्ठही वेगळा. काही ठिकाणी मदत दुपटीने पोचली, काही ठिकाणी पोचलीच नाही. या अनुभवातून पुढील काही वर्षांत 'फायरस्कोप' हा उपक्रम आकाराला आला आणि त्यातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' ही पद्धत घडली. एक घटना, एक प्रमुख, एक आराखडा, समान शब्द आणि एका अधिकाऱ्याच्या हाताखाली साधारण तीन ते सात माणसे, ही तिची सूत्रे होत.

ब्रिटनमध्ये वेगळी वाट धरली गेली. १९८५ मध्ये लंडनच्या ब्रॉडवॉटर फार्म वसाहतीत दंगल झाल्यानंतर तेथील पोलिसांनी सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी तीन पायऱ्यांची रचना केली. सुवर्ण पातळी धोरण ठरवते, रौप्य पातळी त्याचे डावपेच आखते आणि कांस्य पातळी ते प्रत्यक्षात आणते. अधिकाऱ्याच्या खांद्यावरील पदचिन्हांपेक्षा त्या घटनेतील त्याच्या भूमिकेला महत्त्व देणे, हा या रचनेचा गाभा आहे.

चूक कोठे होऊ शकते याचा सर्वांत कठोर धडा न्यूयॉर्कने दिला. ११ सप्टेंबर २००१ रोजी शहराचे आपत्कालीन कार्यकेंद्र जागतिक व्यापार केंद्राच्याच सातव्या क्रमांकाच्या इमारतीत होते. ते रिकामे करावे लागले आणि सायंकाळी ती इमारतही कोसळली. अग्निशामक दलाचे पहिले केंद्र जळत्या मनोऱ्याच्या तळमजल्यावर होते; दुसरे समोरच्या रस्त्यावर, कोसळणाऱ्या ढिगाऱ्याच्या टप्प्यात. पोलीस आणि अग्निशामक दल एका जागी बसले नसल्याने पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसणारा धोका अग्निशामक दलाच्या प्रमुखांपर्यंत वेळेत पोचला नाही. त्या दिवशी या दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. यानंतर अमेरिकेने २००४ साली सर्व यंत्रणांसाठी समान राष्ट्रीय पद्धत लागू केली.

भारतातील चौकट

महाराष्ट्राला या विषयाचे भान ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने आणले. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. मदतीचा ओघ मोठा होता, परंतु आलेल्या मदतीला दिशा देणारी व्यवस्था नव्हती. त्यानंतर राज्याने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभारण्याचे काम हाती घेतले. २००५ हे वर्षही राज्याला कठीण गेले. जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले. वाहतूक रोखणे, आपत्तीग्रस्त भागात प्रवेशबंदी करणे, ढिगारे हलवणे असे अधिकार त्याला मिळाले.

जुलै २०१० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 'इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम'ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परदेशी पद्धत भारतीय प्रशासनाच्या साच्यात बसवण्याचा हा प्रयत्न होता. राज्य पातळीवर मुख्य सचिव आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी हे 'जबाबदार अधिकारी' ठरवले गेले. प्रत्यक्ष घटनेची सूत्रे घटना प्रमुखाकडे असतात. उपविभागात प्रांताधिकारी आणि तालुक्यात तहसीलदार हे त्या त्या प्रतिसाद पथकाचे प्रमुख असतात.

घटना प्रमुखाच्या हाताशी तीन सहायक असतात. माहिती व माध्यम अधिकारी वृत्तसंस्थांशी बोलतो, समन्वय अधिकारी इतर यंत्रणांचा दुवा असतो आणि सुरक्षा अधिकाऱ्याचे लक्ष बचाव करणाऱ्यांच्या जिवावर असते. धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार या तिसऱ्या अधिकाऱ्याला आहे, ही फार मोलाची तरतूद आहे. त्यांच्याखाली तीन विभाग येतात. कार्यवाही विभाग प्रत्यक्ष बचाव करतो. नियोजन विभाग परिस्थितीची नोंद ठेवतो, उपलब्ध साधनांचा हिशेब ठेवतो आणि पुढच्या काही तासांचा आराखडा तयार करतो. पुरवठा विभाग इंधन, जेवण, दिवे, दूरसंचार आणि खर्च सांभाळतो.

घटनास्थळ केंद्राविषयी या तत्त्वांचा आग्रह स्पष्ट आहे. एका घटनेला एकच केंद्र असावे. यंत्रणा कितीही असोत, हद्दी कितीही असोत. ते तालुका किंवा जिल्हा मुख्यालयातही असू शकते. सारेच उद्ध्वस्त झाले असेल किंवा जागाच उपलब्ध नसेल तर वाहन, ट्रेलर अथवा तंबूतून कारभार चालवावा. मात्र तेथे पुरेसा उजेड आणि खात्रीचे दळणवळण हवे.

जागेची निवड

जागा निवडण्याचा पहिला नियम असा की आजच्या आणि पुढे संभवणाऱ्या धोक्याच्या बाहेर राहावे. पूर असेल तर वाढू शकणाऱ्या पाण्याच्या वर, रसायनांची गळती असेल तर वाऱ्याच्या उलट दिशेला, इमारत कललेली असेल तर तिच्या उंचीहून पुरेसे दूर. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळील वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात किमान १३ जणांचा मृत्यू झाला आणि कित्येक जखमी झाले. अशा ठिकाणी आत काय साठवलेले आहे हे कळेपर्यंत फाटकापाशी टेबल मांडून बसणे म्हणजे सगळी नेतृत्वाची फळी पणाला लावणे होय.

दुसरा नियम असा की केंद्र घटनास्थळाच्या इतके जवळ असावे की तेथून काम दिसावे, किंवा चालत काही मिनिटांत जाता यावे. तिसरा नियम, रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा असावा. चौथा, जागा अशी असावी की नवख्या माणसालाही ती शोधता यावी. अनेक देशांत केंद्राच्या गाडीवर हिरवा फिरता दिवा किंवा लाल-पांढरी चौकट असते. आपल्याकडे एक मोठा फलक आणि उंच काठीवरचा झेंडा एवढ्यानेही काम भागेल.

हे नियम नेहमी जुळून येतात असे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलातून डोंगर चढून जावे लागत होते, यंत्रे वर नेता येत नव्हती आणि हवामानामुळे हेलिकॉप्टरही उडू शकले नाही. अशा ठिकाणी पायथ्याशी मुख्य केंद्र व तळ, वर कामाच्या जागी एक जबाबदार अधिकारी, आणि दोहोंमध्ये अखंड संपर्क, हाच मार्ग उरतो. तेथे २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवण्याचा निर्णय घेण्यात आला. शोध केव्हा थांबवायचा हा घटना प्रमुखापुढचा सर्वांत अवघड निर्णय असतो. तो नोंदींच्या आधारे, जबाबदारी स्वीकारून आणि नातेवाइकांशी बोलून घ्यावा लागतो. नोंदीच नसतील तर तो निर्णय कोणालाही पटवून देता येत नाही.

केंद्राभोवतीच्या इतर जागा

घटनास्थळ केंद्र एकटे चालत नाही. त्याच्याभोवती आणखी काही जागा निश्चित कराव्या लागतात. पहिली म्हणजे वाहनतळवजा प्रतीक्षास्थान. येणारी प्रत्येक गाडी, बोट, जेसीबी व पथक प्रथम तेथे थांबते, नोंद करते आणि बोलावल्यावरच पुढे जाते. रुग्णवाहिका अडकून पडतात त्या बहुधा ही जागा नसल्याने. मदतीसाठी आलेली वाहनेच मदतीचा रस्ता बंद करतात.

दुसरी जागा जखमींच्या वर्गवारीची. तातडीच्यांना लाल, थोडे थांबू शकणाऱ्यांना पिवळा, किरकोळ जखमींना हिरवा आणि मृतांना काळा रंग, ही पद्धत जगभर रुळली आहे. वर्गवारीविना ज्यांना चालता येते ते पहिल्या रुग्णवाहिकेत बसतात आणि जे निपचित पडले आहेत ते मागे राहतात. राज्यात २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेमुळे गाड्या येतात, पण कोणाला कोणत्या रुग्णालयात न्यायचे हे घटनास्थळावरून ठरले पाहिजे.

तिसरी जागा दमलेल्या जवानांच्या विश्रांतीची व जेवणाची. चौथी जागा आवश्यक तेव्हा हेलिकॉप्टर उतरण्याची. आणि पाचवी, जिचा विसर सर्वाधिक पडतो, ती नातेवाइकांची.

खुद्द केंद्रात फार महागडी साधने लागत नाहीत. परिसराचा मोठा नकाशा, फळा, खडू किंवा मार्कर, वेळ नोंदवण्याची वही, बिनतारी संच, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल, जनरेटर, दिवे, प्रमुखांच्या अंगावर ओळखता येतील अशी रंगीत जाकिटे, आणि आत कोणी यावे हे पाहणारा एक पोलीस. फळ्यावर चार आकडे सतत दिसले पाहिजेत: किती जण होते, किती सापडले, किती कोणत्या रुग्णालयात आहेत, किती अद्याप बेपत्ता आहेत. सूत्रे एका प्रमुखाकडून दुसऱ्याकडे जातात तेव्हा नवा प्रमुख आधी ही स्थिती ऐकून घेतो, मग बदल सर्वांना कळवतो. वरिष्ठ आला म्हणून सूत्रे आपोआप त्याच्याकडे गेली, असे या पद्धतीत मानले जात नाही.

अनेक यंत्रणा, एक टेबल

आपल्याकडील खरी कसोटी हद्दीची असते. जळगाव जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे व माहेजी या स्थानकांच्या दरम्यान आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान बारा जण ठार झाले. हा मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाचा. १५ मे २०२५ रोजी अमळनेर येथे मालगाडीचे डबे घसरले आणि सुरत-भुसावळ मार्गावरील वाहतूक विस्कळीत झाली. हे स्थानक मात्र पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात मोडते. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, पण रेल्वेच्या बाजूने उत्तर देणारी कार्यालये दोन, आणि त्यांची मुख्यालये परस्परांपासून शेकडो किलोमीटर दूर.

रेल्वेची स्वतःची व्यवस्था जुनी आणि शिस्तीची आहे. वैद्यकीय मदत गाडी आणि अपघात साहाय्य गाडी ठरलेल्या मिनिटांत निघावी असा दंडक आहे. दोन्ही बाजूंनी निघता येणाऱ्या मार्गिकेवरील वैद्यकीय गाडीसाठी तो पंधरा मिनिटांचा आहे. अपघातस्थळी एकत्रित आदेश केंद्र, डब्यांच्या समूहागणिक स्थानिक उपकेंद्रे आणि नातेवाईक व जखमींसाठी वेगळे मदत आवार, अशी रचना रेल्वेच्या आराखड्यात आहे. विभागीय रेल्वे व्यवस्थापक तेथील प्रमुख असतो. रुळाबाहेर मात्र पोलीस, महसूल, आरोग्य आणि गावकरी यांचे जग सुरू होते. दोन्ही बाजूंचे प्रमुख एका टेबलाशी बसले नाहीत तर रुळावर एक यादी आणि रुग्णालयात दुसरी यादी तयार होते.

यावरचा उपाय संयुक्त नेतृत्वाचा आहे. प्रत्येक यंत्रणा आपला अधिकार सोडत नाही, पण सर्व प्रमुख एकत्र बसून एकच उद्दिष्ट व एकच आराखडा ठरवतात आणि बाहेर एकाच तोंडाने बोलतात. खलघाटसारख्या दुर्घटनेत ही गरज दोन राज्यांपर्यंत जाते. नदीवरचे आदेश मध्य प्रदेशचेच असणार; परंतु महाराष्ट्राचा एक समन्वय अधिकारी त्या केंद्रात लवकरात लवकर बसला, तर तिकिटांची माहिती, आगाराची कागदपत्रे आणि नातेवाइकांचे प्रश्न एका साखळीत येऊ शकतात.

वाट पाहणाऱ्यांचा हक्क

बचावाचे काम ज्यांच्यासाठी चालते त्यांत वाट पाहणारेही येतात. खलघाटच्या वेळी जळगावच्या जिल्हा प्रशासनाने नातेवाइकांसाठी संपर्क क्रमांक जाहीर केले, हे योग्यच होते. परंतु दूरध्वनीच्या या टोकाला बसलेल्या कर्मचाऱ्याकडे सांगण्याजोगे काही असण्यासाठी त्या टोकाला, नदीकाठी, कोणीतरी पडताळलेली यादी तयार करीत असावे लागते. माहिती मिळत नाही तेव्हा माणसे दूरचित्रवाणीसमोर बसतात, मोबाइलवर फिरणारी छायाचित्रे न्याहाळतात आणि मिळेल त्या वाहनाने घटनास्थळी धाव घेतात. मग तीच गर्दी बचावात अडथळा ठरते आणि तिलाच दोष दिला जातो.

म्हणून माहिती अधिकाऱ्याने ठरावीक वेळी, उदाहरणार्थ दर तासाला, निवेदन द्यावे. नवे काही नसले तरी तसे सांगावे. अंदाज आणि पडताळलेला आकडा यांत फरक करावा. मृताचे नाव कुटुंबाला कळण्याआधी प्रसारमाध्यमांना देऊ नये. नातेवाइकांसाठी सावली, पाणी, बसायला जागा आणि त्यांच्या भाषेत बोलणारा एक माणूस असावा. माध्यमांनीही आपली मर्यादा ओळखायला हवी. केंद्राच्या तोंडाशी कॅमेऱ्यांची भिंत उभी राहिली की आतल्या माणसाला बाहेरचे काम दिसेनासे होते. तीच गोष्ट मान्यवरांच्या भेटींची. धीर देण्यासाठी भेट आवश्यक असली तरी तिची वेळ आणि वाट घटना प्रमुखाने ठरवावी. भेटीसाठी बचाव थांबू नये. खोटी भीती पसरवणे हा आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार गुन्हा आहे, पण अफवेवर खरा उतारा शिक्षेचा नसून वेळेवर दिलेल्या माहितीचा आहे.

अमळनेरच्या नजरेतून

साने गुरुजींच्या आणि प्रताप महाविद्यालयाच्या या गावाला आपत्तीच्या अनेक वाटा आहेत. बोरी नदी गावातून वाहते आणि तिच्यावरचे तामसवाडीचे धरण वर पारोळा तालुक्यात आहे. सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात याच नदीच्या पात्रात भरते आणि रथोत्सवाला मोठी गर्दी लोटते. गावातून प्रवासी व मालवाहतुकीचा रेल्वेमार्ग जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे पार पडले. तालुक्याचे ठिकाण असूनही मोठी गर्दी सांभाळण्याचा प्रसंग या गावावर येतोच.

एक गोष्ट नकाशा पाहिला की ध्यानात येते. अमळनेरला स्वतःच्या जिल्ह्याचे मुख्यालय जळगावपेक्षा शेजारच्या जिल्ह्याचे धुळे जवळ आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यातच आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. म्हणजे मोठ्या अपघातात मदतीचा आणि जखमींचा नैसर्गिक रस्ता जिल्ह्याची हद्द ओलांडून जातो. तो रस्ता आधीच ठरलेला हवा. रुग्णालयाला फोन कोणी करायचा, दलाची मागणी कोणत्या मार्गाने जायची, धुळ्यात दाखल झालेल्या जखमींची यादी अमळनेरच्या फळ्यावर कोण आणून लिहायचा, याची उत्तरे अपघाताच्या दिवशी शोधण्याची नव्हेत.

तालुका पातळीवर यासाठी मोठा निधी लागत नाही. नदीकाठ, यात्रेची जागा, रेल्वे स्थानक, एस. टी. आगार आणि प्रमुख रस्ते अशा पाच-सहा ठिकाणांसाठी केंद्राची मुख्य व पर्यायी जागा आधीच नकाशावर खूण करून ठेवता येते. फळा, वह्या, जाकिटे, दिवे आणि जनरेटर एका पेटाऱ्यात भरून तहसील कार्यालयात किंवा नगरपरिषदेच्या अग्निशामक केंद्रात ठेवता येतात. महसूल, पोलीस, आरोग्य, नगरपरिषद, रेल्वे, महामंडळ आणि पोहणारे स्थानिक तरुण यांची वर्षातून दोनदा रंगीत तालीम घेता येते. एक पावसाळ्यापूर्वी, एक यात्रेपूर्वी. यात्रा तर स्वतःच उत्तम तालीम आहे. गर्दीच्या दिवशी नदीकाठी एक केंद्र उभारून, हरवलेल्या मुलांपासून वाहतुकीपर्यंतचा सर्व कारभार त्याच टेबलावरून चालवला, तर सर्व खात्यांना एकत्र बसण्याची सवय लागते.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा गाव दिसत नाही हे प्रथम एस. टी. चालकाच्या लक्षात आले होते. आपत्तीची पहिली खबर बहुधा अशाच सामान्य माणसाकडून येते आणि पहिला हातही त्याचाच लागतो. प्रशासनाने त्या हातांची जागा घ्यायची नसते. ते हात नेमके कोठे लागावेत हे सांगणारी एक जागा उभी करायची असते, आणि त्या जागेच्या फळ्यावरचा आकडा खरा ठेवायचा असतो. दूर गावात दाराशी उभ्या असलेल्या कुटुंबाला सरकारकडून त्या क्षणी हवी असते ती हीच गोष्ट.